व्यसनमुक्तीला खर्च किती? मराठवाड्यात कमी पैशांत उपचार कुठे आणि कसे मिळतात

घरातल्या माणसाची दारू सोडवायचं ठरलं की पहिला प्रश्न निघतो, "कुठं टाकायचं?" मग पाहुण्यारावळ्यांकडून एखाद्या केंद्राचा नंबर मिळतो. फी ऐकून सोनं मोडलं जातं, खताबियाण्यासाठी उचललेलं पीककर्ज तिकडं वळतं. माणूस महिन्याने चांगला भरून परत येतो आणि पोळ्याला पुन्हा पितो. मग घरचे म्हणतात, उपचारांचा काही उपयोग नाही.

उपयोग असतो, पण पैसा चुकीच्या जागी गेलेला असतो. शरीराला लागलेली दारू उतरवायला सात ते दहा दिवस पुरतात. ती पुन्हा तोंडाला लागू नये यासाठीचं काम मात्र वर्षभर चालतं, आणि बहुतेक घरांचे पैसे व धीर तिथवर टिकत नाहीत. हे दुसरं काम मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत सरकारी दवाखान्यात होऊ शकतं. त्यात मोठा खर्च एसटीच्या तिकिटाचा आणि बुडालेल्या मजुरीचा.

तरीही लोक तिथवर पोचत नाहीत. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाची दारू आणि अमली पदार्थांबद्दलची देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकानेच कसले तरी उपचार मिळाल्याचं सांगितलं. दाखल होऊन उपचार मिळालेले १८० मध्ये एक.

दाखल करायचं की घरूनच

बऱ्याच जणांना दाखल व्हायची गरज नसते. घरात रोज गोळ्या देणारं कुणीतरी असेल, आधी कधी फिट आलेली नसेल, पोटात अन्न ठरत असेल, तर ओपीडीतून औषधं घेऊन घरीच दारू उतरवता येते. पहिल्या आठवड्यात दोन-तीन चकरा होतात, एवढंच.

दाखल करायलाच हवं अशी माणसं वेगळी. मागच्या वेळी दारू सोडल्यावर फिट आली होती किंवा माणूस भ्रमात गेला होता. रक्ताची उलटी, कावीळ किंवा पोटात पाणी आहे. शुगर किंवा हृदयाचा जुना आजार आहे. वय साठीच्या पुढे आहे. दारूसोबत झोपेच्या गोळ्याही चालू आहेत. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा चालू आहे. यातलं एक जरी असलं तर घरी प्रयोग करू नये. आणि शेवटच्या बाबतीत फवारणीची औषधं आजच्या आज घराबाहेर, कुलपात.

डॉक्टरांनी "किती घेता?" विचारलं की "थोडी" किंवा "अधूनमधून" हे उत्तर कामाचं नाही. पहिल्या दिवसाच्या गोळ्यांचा डोस बराचसा या आकड्यावर ठरतो. क्वार्टर म्हणजे १८० मिली. ४२.८ टक्क्यांच्या विदेशी दारूच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. रोज दोन क्वार्टर घेणाऱ्याने अर्धी सांगितली तर डोस कमी पडतो, रात्री थरथर वाढते आणि माणूस पहाटेच ठेका गाठतो. घरच्यांनी हिशेब कागदावर लिहून न्यावा: कोणती दारू, किती, सकाळी उठल्या उठल्या लागते का, शेवटची कधी घेतली.

शेवटच्या घोटानंतरचे चार दिवस

हा भाग नीट वाचा, कारण जीव जातो तो बहुधा इथे.

समजा रविवारी रात्री दहाला शेवटची घेतली. सोमवारी सकाळी हात थरथरतात, घाम सुटतो, मळमळतं, चहाचा कप बशीत वाजतो. सोमवारी आणि मंगळवारी फिट येऊ शकते. मंगळवारी रात्रीपासून गुरुवारपर्यंत भ्रम होऊ शकतो: भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं बोलतात, माणूस अंथरुणावरचं काहीतरी वेचत राहतो, घरच्यांना ओळखत नाही, अंग तापतं, नाडी धावते. सगळ्यांना असं होत नाही. पण ज्याला होतं त्याला वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर मृत्यू येऊ शकतो.

रोज पिणाऱ्याचा अपघात झाला, पाय मोडला, ऑपरेशनसाठी दाखल केलं, की दवाखान्यात दारू आपोआप बंद होते. तिसऱ्या दिवशी तो बडबडायला लागतो, सुया उपसतो. घरच्यांना वाटतं बाहेरची बाधा झाली आणि ते त्याला भगताकडे न्यायला निघतात. अशा वेळी वॉर्डातल्या डॉक्टरांना एवढंच सांगायचं असतं: हे रोज पितात, शेवटची अमक्या दिवशी घेतली. घरी असं झालं तर १०८ ला फोन करा, गाडीचे पैसे लागत नाहीत.

या चार दिवसांवर औषध आहे, स्वस्त आहे आणि जुनं आहे. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम ठरावीक मात्रेत सुरू करून आठवडाभरात उतरवत बंद करतात. लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम. सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, आधी इंजेक्शनने आणि मग गोळीने. थायमिनकडे दुर्लक्ष होतं. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात ते संपलेलं असतं, आणि अशा माणसाला गावच्या दवाखान्यात ताकदीसाठी म्हणून नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर उरलंसुरलं थायमिनही खर्च होतं. मग डोळ्यांची हालचाल बिघडणं, तोल जाणं, गोंधळ आणि पुढे कायमचा विसरभोळेपणा इथपर्यंत जाऊ शकतं. सलाईन लावण्याआधी "थायमिन दिलं का?" हे विचारायला संकोच करू नका.

मेडिकलवरून परस्पर अल्प्राझोलाम ही झोपेची गोळी आणून देणं हा आपल्याकडचा लाडका उपाय. त्याने रात्र निघते. मात्र मोजमापाशिवाय चालू राहिलेली ती गोळीच सहा महिन्यांनी दुसरं व्यसन होऊन बसते.

सरकारी दवाखान्यात नेमकं कुठं जायचं

प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक आहे. त्यात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, मनोविकार समाजसेवक आणि परिचारिका अशी पदं असतात. हे पथक सिव्हिलमध्ये बसतं आणि ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांतही जातं. किनवट किंवा परंड्याच्या माणसाने दर महिन्याला जिल्ह्याला हेलपाटा घालण्याआधी या तारखा विचारून घ्याव्यात. मोठ्या गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे मनोविकार विभाग आहेत: छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेड आणि लातूर. या ठिकाणी दाखल करून घेण्याची सोय असते आणि लिव्हर बिघडलेल्या रुग्णाला मेडिसिनचे डॉक्टर त्याच आवारात मिळतात.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सिव्हिलपर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयं वेगळ्या खात्याची असल्याने तिथे केस पेपर आणि काही तपासण्यांचे थोडे पैसे पडू शकतात. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड सोबत ठेवा.

केस पेपर काढताना खिडकीवर "मनोविकार विभाग" किंवा "व्यसनमुक्ती" म्हणून सांगा. "डोक्याच्या डॉक्टरकडं कशाला? मी काय येडा हाय का?" असं म्हणून बरेच जण रांगेतूनच परत फिरतात. घरच्यांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवावं की दारू सोडवणारा डॉक्टर तोच आहे. आधारकार्ड, जुनी चिठ्ठीचपाटी, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि वर सांगितलेला हिशेबाचा कागद न्या. शक्यतो सकाळी, पिण्याआधी. प्यालेल्या अवस्थेत समुपदेशन होत नाही.

माणूस यायलाच तयार नसेल तर घरच्यांनी एकट्याने जावं. भांडण कुठं टाळायचं, पैसे कुणाच्या हातात ठेवायचे, त्याला दवाखान्यापर्यंत आणायचा विषय कधी काढायचा, हे समाजसेवक शिकवतो. विषय काढायची वेळ पिऊन आल्यानंतरची रात्र नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी, अंग दुखत असताना आणि लाज वाटत असताना माणूस ऐकतो. घरात मारहाण होत असेल तर मात्र त्याच्या उपचारांची वाट पाहत बसू नये. ११२ आणि महिलांसाठी १८१ हे नंबर त्यासाठीच आहेत.

सिव्हिलमध्ये एखादी गोळी संपलेली असते, हेही खरं. मग डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि जनऔषधी दुकानात विचारा. गोळी मिळाली नाही म्हणून आठवडाभर थांबायचं नाही.

दाखल व्हायची गरज आहे आणि सिव्हिलमध्ये जागा नाही, तर तिसरा मार्ग म्हणजे केंद्र सरकारच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्थांनी चालवलेली व्यसनमुक्ती व पुनर्वसन केंद्रं. ही यादी बदलत असते, त्यामुळे जुन्या वर्तमानपत्रातल्या नंबरवर विसंबू नका. १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर जिल्हा सांगून विचारा किंवा सामाजिक न्याय भवनात समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात जा. "अनुदानित खाट रिकामी आहे का?" हाच शब्द वापरा. नुसतं "जागा आहे का?" विचारलं तर फी भरायची खाट दाखवली जाण्याची शक्यता असते. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, मराठीत आणि मोफत.

ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांत धर्मादाय कायद्याने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात असतात. त्यासाठी रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि तो दाखल होतानाच द्यावा लागतो. बिल झाल्यावर तोंड उघडून फायदा नाही. महात्मा फुले किंवा आयुष्मान कार्डाच्या भरवशावर खासगी ठिकाणी दाखल करण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारा की या आजाराचं पॅकेज या रुग्णालयाला लागू आहे का. "कार्ड चालतं" एवढ्या मोघम उत्तरावर जाऊ नका.

दारू सोडायच्या गोळ्या

एसटी स्टँडच्या भिंतींवर लिहिलेलं असतं: न सांगता जेवणातून द्या, दारू सुटेल. अशा पुडीत काय आहे ते कळायला मार्ग नसतो. त्यात डायसल्फिरम असेल तर न सांगता देणं जिवावर बेतू शकतं. ही गोळी पोटात असताना दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय कमकुवत असलेल्या माणसाला यात मरण येऊ शकतं. शिवाय गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो.

हीच गोळी रुग्णाला सगळं सांगून आणि त्याची संमती घेऊन दिली तर उपयोगी आणि स्वस्त आहे. आधी लिव्हरची तपासणी. शेवटच्या घोटानंतर निदान २४ तास जाऊ द्यायचे. मग रोज सकाळी, बहुधा २५० मिलिग्रॅम, बायकोसमोर किंवा आईसमोर पाण्यात विरघळवून घ्यायची. समोर घेणं महत्त्वाचं, कारण गालात धरून बाहेर थुंकलेली गोळी हे या औषधाच्या अपयशाचं मोठं कारण आहे. आणखी एक, जे चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं: द्राक्षासव, अशोकारिष्ट अशा आसव-अरिष्टांत मुरताना तयार झालेलं अल्कोहोल असतं. काही खोकल्याच्या औषधांतही असतं. या काळात ती चालत नाहीत.

दुसरा प्रकार तल्लफ कमी करणाऱ्या गोळ्यांचा. नालट्रेक्सोन त्यात महाग पडते आणि ट्रॅमाडोलसारख्या वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्याला ती देता येत नाही. अकॅम्प्रोसेट लिव्हर खराब असलेल्यांना चालते, पण किडनी चांगली हवी आणि दिवसातून तीनदा घ्यावी लागते, त्यामुळे शेतात जाणाऱ्या माणसाची दुपारची हमखास चुकते. बॅक्लोफेनही लिव्हरच्या रुग्णांना देतात; ती मनाने एकदम बंद करायची नाही. कोणती कुणाला, हे डॉक्टर ठरवतील. घरच्यांनी विचारायचं ते एवढंच की ही किती महिने चालणार आणि सरकारी पुरवठ्यात आहे का.

दारूखेरीज बाकीची नशा

छत्रपती संभाजीनगरात "बटन" म्हणून विकल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर दारूसारखीच फिट येते. म्हणून पोराला खोलीत कोंडून सोडवायचा प्रयत्न करू नका; डॉक्टर डोस आठवड्या-आठवड्याने उतरवतात. तेलंगणाच्या सीमेवरच्या धर्माबाद, बिलोली, देगलूर भागात शिंदी पिणाऱ्यांबद्दलही हेच. तेलंगणात ताडीमध्ये अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरल हायड्रेट मिसळल्याची प्रकरणं वारंवार उघडकीला आली आहेत. अशी शिंदी पिणारा म्हणतो, मी दारू पीत नाही. दोन दिवस शिंदी मिळाली नाही की तो भ्रमात जातो आणि डॉक्टरांना कारण सापडत नाही. त्यांना "शिंदी" हा शब्द आवर्जून सांगा.

कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडोल किंवा ब्राउन शुगर बंद केल्यावर हाडं मोडल्यासारखी दुखतात, जुलाब लागतात, झोप उडते. यावर ब्युप्रेनॉर्फिन-नालोक्सोन हे औषध चालतं, पण ते साध्या मेडिकलवर मिळत नाही. वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात विचारावं. गांजा सोडवणारी खास गोळी नाही, तिथे समुपदेशनावरच भर. तंबाखू, गुटखा, मिश्रीसाठी १८००-११-२३५६ ही मोफत क्विटलाइन आहे.

पोलिसांची भीती हे पोराला लपवून ठेवण्याचं मोठं कारण. अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४-अ प्रमाणे, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला गेला आणि त्याने ते पूर्ण केले, तर त्याला खटल्यातून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं.

खासगी केंद्रात ठेवायचंच असेल तर

चांगली खासगी केंद्रं आहेत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे आणि मराठवाड्यातून तिथे जाणारे पुष्कळ. पण गावोगावच्या फलकांवरची सगळी ठिकाणं तशी नाहीत.

मानसिक आरोग्य कायदा २०१७ दारू आणि अमली पदार्थांच्या आजारालाही लागू होतो. त्यानुसार केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी हवी, माणसाला साखळीने बांधता येत नाही, सक्तीने टक्कल करता येत नाही, भेट आणि फोनचा त्याला हक्क आहे. स्वेच्छेने दाखल झालेल्याने जायचं म्हटलं तर जाऊ द्यावं लागतं. फार तर मूल्यमापनासाठी २४ तास थांबवता येतं. इच्छेविरुद्ध ठेवायचं तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे त्याच्या बाजूने बोलायला नेमलेल्या माणसाचा अर्ज आणि दोन तज्ज्ञांची वेगवेगळी तपासणी लागते, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ. तेही पहिल्या वेळी जास्तीत जास्त ३० दिवस. रात्री गाडी पाठवून चार पोरं माणूस उचलून नेतात, हा प्रकार या चौकटीत कुठेच बसत नाही.

पैसे भरण्याआधी जागा स्वतः बघून या. नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे का आणि त्याची मुदत संपली तर नाही ना? मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतो, त्याचं नाव काय? रात्री फिट आली तर परिचारिका आहे की जुना रुग्णच पहारा देतो? औषधं आणि रक्ततपासणी फीमध्ये की वेगळी? मधेच नेलं तर पैसे परत मिळतात का? डिस्चार्जनंतरची भेट कधी, कुणाशी? या शेवटच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर मिळालं तर तिथे ठेवू नये. "पहिले दोन महिने भेटायला यायचं नाही" असं सांगितलं तर लगेच उठावं. तक्रार मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे करता येते. अर्ज सिव्हिल सर्जनच्या कार्यालयातही देऊन पोच घ्या.

पुढचं वर्ष

पहिले तीन महिने नाजूक. या काळात दर पंधरा दिवसांनी, मग महिन्याला एक चक्कर ठरवून घ्या. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे, त्यामुळे सोबत आई किंवा बायको आली तर खर्च फारसा वाढत नाही आणि डॉक्टरांना खरी हकीकत कळते.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडलेल्या माणसांनीच चालवलेला गट; त्याच्या सभा मोठ्या गावांत मराठीत होतात. फी नाही, शेवटी पेटी फिरते, त्यात द्यायचं बंधनही नाही. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं. दवाखाना दहा मिनिटं देतो, ही माणसं संध्याकाळी साडेसातला फोन उचलतात.

माळ घालून दारू सोडलेली माणसं मराठवाड्यात गावोगाव आहेत, आणि तो आधार कमी लेखू नये: नवी संगत, रोजचा हरिपाठ, पहाटे उठायचं कारण. क्रम तेवढा सांभाळावा. रोज पिणाऱ्याने आषाढीच्या दिंडीला निघताना माळ घालून त्याच दिवशी एकदम बंद केली तर वर सांगितलेले चार दिवस दिंडीत गाठतात. आधी दवाखान्यात दारू उतरवायची, मग माळ.

पुन्हा प्याला तर उपचार वाया गेले असं नाही. दोन दिवसांच्या आत दवाखान्यात न्या; एकदा प्याल्यावर लाजेने महिना काढला तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं. मात्र डायसल्फिरम चालू असताना प्याला आणि त्रास सुरू झाला, तर थेट तातडीच्या विभागात.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची अडचण वेगळी. दिवाळीच्या सुमारास उपचार सुरू केले आणि पंधरा दिवसांत फडावर निघाले, तर औषध तुटतं आणि उचलीचा, म्हणजे मुकादमाने आगाऊ दिलेला पैसा हातात खुळखुळत असतो. जमलं तर पट्टा पडून, म्हणजे तोडीचा हंगाम संपून परत आल्यावर, एप्रिल-मेमध्ये सुरुवात करा म्हणजे पुढच्या हंगामापर्यंत पाच-सहा महिने मिळतात. मधेच जावं लागलं तर डॉक्टरांना कोणत्या जिल्ह्यात जाणार ते सांगा, जास्त दिवसांच्या गोळ्या मागा, डिस्चार्ज कार्डाचा फोटो नवरा-बायको दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, कुठल्याही सिव्हिलमध्ये तेच कार्ड दाखवून पुढच्या गोळ्या मागता येतात. उचल शक्यतो मुकादमाकडून बायकोच्या खात्यावर घ्यावी.